मीठ कुणी घातलं?

माझ्या दोन भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं, त्याला पाच वर्षं झालेली. या पाच वर्षांत त्यांच्यामधला टेलिफोन म्हणजे मी. दादा माझ्याहून मोठा, धाकटा माझ्याहून लहान, मी मधली. जन्मानेच मधे आलेले, करणार काय? दोघं राहतात ठाण्यात, घोडबंदर रोडच्या आतल्या अंगाला, खाडीकाठच्या आमच्या गावात. गाव आपलं म्हणायचं. शेतांवर टॉवर उभे राहिले आणि आमच्या घराच्या जागेवर सात मजल्यांची बिल्डिंग आली. दादा तिसऱ्यावर, आई त्याच्याकडे; धाकटा पाचव्यावर. लिफ्ट एकच. लिफ्टमधे दादा दिसला की धाकटा जिन्याने चढायचा. वर पोचेपर्यंत जीव तोंडाशी, पण मान ताठ!

मला दिली डोंबिवलीला. तिथे मला सकाळी फोन यायचा, "त्याला सांग, गच्चीवरची टाकी साफ करायला माणूस येतोय." मी पाचव्यावर फोन लावायचा. उत्तर यायचं, "त्याला सांग, मला माहीत्ये." दोघांत अंतर दोन मजल्यांचं आणि निरोप जायचा डोंबिवलीवरून. भाऊबीजेला आधी तिसऱ्यावर ओवाळायचं, मग ताट घेऊन पाचव्यावर. दोघीही वहिन्या अतिशय गुणी, दोघींचं आपसात छान चाललेलं, भाजीच्या वाट्या लिफ्टने खालीवर जायच्या. फक्त ह्या दोन रेड्यांची शिंगं अडकलेली.

भांडण जमिनीवरून नव्हतं. आमच्याकडे भांडण म्हटलं की लोक आधी सातबाराच विचारतात, म्हणून सांगून टाकते. भांडण बाबांवरून. बाबा शेवटी हॉस्पिटलात होते आणि ज्याला बघतील त्याला एकच म्हणायचे, "मना घरी न्या." धाकटा म्हणाला, नेऊ या. दादा म्हणाला, नाही, डॉक्टर थांबा म्हणतात, थांबू या. दादा मोठा, त्याचं चाललं. बाबा तिथेच गेले, काचेच्या पलीकडे, नळ्या लावलेल्या. स्मशानातून परत आल्यावर धाकटा सगळ्या भावकीसमोर दादाला म्हणाला, "तू त्यांना घरी येऊ दिलं नाहीस. आजपासून तू मला मेलास." दादा काहीच बोलला नाही. मला तेव्हा दादाचाच राग आलेला. अरे, बोल ना काहीतरी! तो खाली बघत पाय धूत राहिला, आणि आई भिंतीला टेकून बसलेली, तिने पदर तोंडावर घेतला. ते जे तोंड बंद झालं ते झालंच.

बाबा आयुष्यभर मिठागरात. आम्ही शिकलो, बिल्डिंग झाली, तरी त्यांच्या तळव्यांच्या भेगा काही बुजल्या नाहीत. मिठागर बंद झालं तेव्हा शेवटच्या राशीतलं जाडं मीठ त्यांनी एका पिशवीत आणून ठेवलेलं. बाबा गेल्यावर आईने ते कॉफीच्या दोन रिकाम्या बरण्यांत भरलं आणि दोन्ही घरांत एकेक दिली. मला नाही दिली. मी विचारलं तर म्हणाली, "तुज्या घरात बारीक मीठ खातात." आता बोला!

ह्या वर्षी थंडीत आईचं हृदयाचं दुखणं निघालं. झडप खराब झालेली, ऑपरेशन करा, मोठं आहे पण होईल, असं डॉक्टर म्हणाले. मीठ एकदम कमी करायला सांगितलं. आईने सगळं नीट ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि घरी येऊन जाहीर केलं की ती ऑपरेशनला जाणार नाही. दादाने समजावलं. धाकट्याने समजावलं, अर्थात दादा ऑफिसला गेल्यावर. मी डोंबिवलीहून धावत गेले.

"आई, भीती वाटते का?"

"भ्या कनाला? माजं काय वाईटवंगाळ झालं तं मना घरी आनायचं का तितंच ठेवायचं, ह्ये कोन ठरवनार? एक वरती, एक खाली. तू डोंबिवलीत फोन लावत बसशील, तवरी मी जाईन." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "माजी दोन पोरं एकमेकांशी बोलतील तवाच मी जाईन. नायतर हाये तशी बरी हाये."

बुधवारची तारीख मिळालेली. डॉक्टर म्हणाले, फार लांबवू नका. आणि ही बाई अट घालून बसलेली. तिचा हट्ट मला ठाऊक आहे. तिने एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी चहा पिऊन परत जाईल.

मग रविवारचं तिनेच काढलं. वसईच्या किल्ल्यात जायचं आणि पोपटी लावायची.

पोपटी म्हणजे आम्हा आगऱ्यांची थंडीतली चैन. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी असे थर लावायचे, मडक्याचं तोंड पाल्यानेच घट्ट बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढ्याचा, काटक्यांचा जाळ. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. बाबा दरवर्षी आम्हाला वसईच्या किल्ल्यात न्यायचे पोपटीला. त्यांची आजी त्या बाजूची. शिवाय ते म्हणायचे, आपल्या दारातली खाडी तिथे जाऊन समुद्राला मिळते, वर्षातून एकदा तिला पोचवून यावं. प्रत्येकाचं काम ठरलेलं. मडकं भरायचं दादाने, जाळ बघायचा धाकट्याने, शेंगा धुवायच्या मी. मीठ मात्र फक्त बाबांचं. दादा थर लावायचा आणि बाबा उभ्याउभ्या मुठीने मीठ सोडायचे, कधी जास्त नाही, कधी कमी नाही. मिठाला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. बाबा गेल्यापासून आमच्यात पोपटी झालीच नव्हती.

"एकच गाडी करायची," आई म्हणाली. "दोन गाड्या आल्या तं मी जिन्यातच बसून ऱ्हाईन."

तेरा सीटर सांगितली. माझ्या नवऱ्याने पाठदुखीचं कारण काढलं, शहाणा माणूस. मी आदल्या दिवशीच येऊन राहिलेले. दादा टिटवाळ्याच्याही पुढे खडवलीपर्यंत जाऊन भांबुर्डीचा पाला घेऊन आलेला, कारण आमच्याकडे आता पाला उगवेल एवढी माती कुठाय? धाकट्याने पेंढा आणि काटक्या गोणीत भरलेल्या. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, पण पाला नि पेंढा दोन्ही हजर. सकाळी दादा ड्रायव्हरशेजारी बसला, धाकटा पार शेवटच्या बाकावर. मधे आई, मी, वहिन्या, पोरं आणि मांडीवर मडकं. गायमुखच्या घाटात ट्रॅफिक तुंबला. दादा पुढून म्हणाला, "त्याला सांग, मी साडेसहाला निघू म्हणत होतो." मी मागे वळण्याआधी मागून आवाज, "त्याला सांग, घाटात आपण एकटेच नाही अडकलेलो." सगळ्या गाडीला ऐकू गेलेलं. तरी मी दोन्ही निरोप पोचते केले. सवय, दुसरं काय.

किल्ल्यात पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला, आत अख्खं गाव वसवलेलं त्यांनी. आता राहिलीत छप्पर नसलेली चर्चं, उंच कमानी, भिंतींत शिरलेली वडाची मुळं आणि मधल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडी. दादाने पाटी वाचून पोरांना माहिती द्यायला सुरुवात केली. पोर्तुगीजांनी इथे किती वर्षं राज्य केलं, तटबंदी कशी बांधली. चार पावलं मागून धाकटा त्याच पोरांना सांगत होता, "पण शेवटी मराठ्यांनी हाकललंच ना? कितीही मोठी भिंत बांधली तरी." पोरं बिचारी एकदा पुढे बघायची, एकदा मागे. एका ट्रिपमधे दोन गाइड, तेही फुकट.

एका मोठ्या कमानीखाली फोटोवाले होते. मुलीने लांबलचक झगा घातलेला, दोन माणसं तिचा घेर उडवायला, एक माणूस रंगीत धूर सोडायला. आई उभी राहून बघत राहिली.

"लगीन झालं कं यांचं?"

"नाही गं. हल्ली आधी फोटो काढतात."

"बरं हाय. भांडनं व्हायच्या आदी काडून घ्यावेत."

मोठ्या चर्चच्या दाराशी आल्यावर आईने चपला काढल्या. धाकटी वहिनी म्हणाली, आई, खडे टोचतील, आता इथे काही देव नाही. आई म्हणाली, "देव नाय, पन जागा त्याचीच ना." आत दगडांचा उंचवटा होता, दोन-तीन तुटक्या पायऱ्या. तिला चढायचं होतं आणि दम लागलेला. मी हात पुढे करणार तेवढ्यात उजवीकडून दादा आला, डावीकडून धाकटा. दोघांनी तिला काखेत धरलं आणि अल्लद वर घेतलं. दोघांचं पाऊल एकदम पडलं, एकदम थांबलं. एकमेकांकडे बघितलंही नाही. वर पोचल्यावर आई दम खात म्हणाली, "आशेच धरा मना. मेल्यावर ताटीवर पन आशेच धरा, वाकडीतिकडी नेऊ नका." दादा म्हणाला, "आई, काय बोलतेस!" आणि त्याच वेळी धाकटाही तेच म्हणाला. मी मुद्दाम आभाळाकडे बघितलं, तिथे छपराच्या जागी घारी फिरत होत्या.

बाबा जिथे पोपटी लावायचे ती जागा समुद्राच्या बाजूच्या दरवाजाजवळ होती. आम्ही मडकं, पाला, पेंढा घेऊन तिथे गेलो आणि गोणी खाली ठेवतो न ठेवतो तोच वॉचमन आला. आत जाळ करायचा नाही, सक्त मनाई. आई म्हणाली, "माजा घोव दरसाल पेटवायचा हितं."

"आजी, तेव्हाचं सोडा. आता माझी नोकरी जाईल," वॉचमन म्हणाला. गोड बोलून त्याने बाहेरची वाट दाखवली, कोळीवाड्याच्या बाजूला मोकळी जागा आहे म्हणून.

दादाने मला गाठलं. "सांग त्याला, मी घरीच म्हणत होतो, आत देणार नाहीत."

"सांग त्याला, माहीत होतं तर मडकं इथपर्यंत का वाहून आणलं?"

माझं डोकंच सरकलं. "एक काम करा," मी म्हटलं, "ह्या वॉचमनचा नंबर घ्या दोघंजण. यापुढे त्याच्याकडे निरोप द्या. मी राजीनामा दिला!" वॉचमन घाबरून दोन पावलं मागे गेला. वहिन्या हसल्या, पोरं हसली. ते दोघं नाही हसले.

बाहेर, बंदराच्या वाटेवर, बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातलेले. एक कोळीणबाई ते उलटेपालटे करत होती. आईने तिला काय विचारलं देव जाणे, दोघी मिनिटभर बोलल्या आणि बाईने तिच्या घरामागची मोकळी जागा दाखवली. म्हणाली, "लावा की. पन वारा बघून जाल करा. माजं बोंबील धुरकटलं तं तुमची आख्खी पोपटी माजी." तिने एक प्लास्टिकची खुर्चीही आणून दिली आईला.

मग काम सुरू झालं आणि मी बघत राहिले. पाच वर्षांत हात काही विसरले नव्हते. मी शेंगा धुतल्या. दादा उकिडवा बसून थर लावायला लागला, पाला, शेंगा, बटाटे, पाला, कोंबडी, अंडी, परत पाला. धाकट्याने जमीन साफ करून दगड लावले, पेंढा पसरला. मी आईजवळ गेले, तिच्या गोळ्यांची वेळ झालेली. दादा हात धुवायला नळावर गेला तेव्हा धाकटा मडक्यापाशी बसून तोंडाचा पाला नीट करत होता, एवढं मी पाहिलं. मग त्याने मडकं उपडं घातलं, भोवती काटक्या रचल्या आणि पेटवलं. वारा नेमका बोंबलांच्या उलट्या दिशेने. बाईने लांबूनच मान डोलावली.

पोपटी होईस्तोवर जाळापाशी उभं राहावं लागतं. जाळाच्या ह्या बाजूला दादा, त्या बाजूला धाकटा. दोघांचेही हात मागे बांधलेले, दोघंही एक पाय पुढे टाकून, बाबा उभे राहायचे तसे. आई माझ्या कानाशी म्हणाली, "बग, दोन दोन हायेत." तिचे डोळे धुराने आले की कशाने, कोण जाणे. मी विचारलं नाही.

"नाही बोलले तर?" मी विचारलं.

"तं नाय जायाचं."

"आई, असा काय हट्ट! जिवाशी खेळ आहे हा."

"तेच तं सांगते," ती म्हणाली.

मडक्यावर पाण्याचा हबका मारला आणि चर्र आवाज होऊन पाणी जागच्या जागी उडालं, म्हणजे झाली. धाकट्याने काठीने विस्तव बाजूला सारला, दादाने गोणपाटाने मडकं धरलं आणि केळीच्या पानांवर उलटलं. असा वास सुटला म्हणून सांगू! भांबुर्डीचा, भाजक्या शेंगांचा, कोंबडीचा. पोरांनी मोबाइल खिशात घातले, ह्याहून मोठं सर्टिफिकेट काय? मोठ्या वहिनीने बाबांच्या नावाने एका पानावर थोडं बाजूला काढून ठेवलं. मग आईचं पान.

"आई, तुम्ही शेंगाच खा हं," वहिनी म्हणाली, "कोंबडीत मीठ असेल."

"एक घास खाल्ल्यानं मरत नाय," म्हणत आईने कोंबडीचा तुकडा तोंडात टाकला. दोनदा चावला. तिचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, झडपच बंद पडली. तिने तुकडा पानावर थुंकला.

"अरे देवा! दर्या वतला कं मडक्यात? मीठ कुनी घातलं?"

"मी," दादा म्हणाला.

"मी," धाकटा म्हणाला.

एकदमच म्हणाले. आणि एकदमच दोघांनी एकमेकांकडे बघितलं, पाच वर्षांनी.

"तू?" धाकट्याचा आवाज चढला. "तू कशाला घातलंस?"

"मग कोण घालणार? मडकं मी भरत होतो."

"मडकं भरायचं ना, भर. मीठ तुझं काम नव्हतं कधी. मीठ बाबांचं."

"म्हणूनच घातलं! ते नाहीत, तर मोठा मी आहे."

"मला विचारायचं तरी!"

"तू सांगितलंस का मला, घालतोयस म्हणून?"

मी सवयीने तोंड उघडलं, त्याला सांगते म्हणून. मग लक्षात आलं, मला कुणी काही सांगायला सांगितलेलंच नाही. मोठी वहिनी मधे पडायला उठली तर आईने तिचा पदर धरून खाली बसवलं. "गप ऱ्हा. कोनी मदी जाऊ नका. भांडू दे."

धाकट्याने पँटच्या खिशातून कॉफीची बरणी काढून दाखवली, रिकामी. "त्यांचंच मीठ घातलंय मी. घरात कधी चिमूटभर काढलं नव्हतं यातलं."

दादाने खांद्यावरच्या शबनम पिशवीत हात घातला. तशीच बरणी, तशीच रिकामी. तळाला थोडी ओल.

"सगळं?" धाकट्याने विचारलं.

"सगळं. तू?"

"सगळं."

दोघांनी जपून जपून ठेवलेलं, आमटीत नाही, लोणच्यात नाही, आणि एका मडक्यात एका दुपारी संपवून टाकलं. कुणाला हसू आलं नाही. मला वाटलं, आता होतंय, आता मिटतंय. पण धाकट्याचा चेहरा लाल होत गेला आणि त्याने ते काढलंच.

"मीठ टाकायला बरा मोठा झालास. बाबा घरी न्या, घरी न्या करत होते, तेव्हा कुठे गेलेलं मोठेपण?"

दादा परत खाली बघायला लागला. तसाच, जसा त्या दिवशी पाय धुताना. मला वाटलं उठून त्याला गदागदा हलवावं. बोल रे, ह्या वेळी तरी बोल!

आईने पान बाजूला सारलं. "त्याला नको विचारू," ती म्हणाली. "मना विचार."

धाकटा तिच्याकडे वळला.

"मी बोलले व्हते त्याला, नको आनू म्हनून. मना भ्या वाटला. रातच्याला त्यांचा श्वास कोंडला, माज्याम्होरं तरफरायला लागले, तं मी काय करू? ह्याला बाजूला घेतला, हात धरला, बोलले, पोरा, नको आनू घरी, मना बगवनार नाय. आन बोलले, कोनाला सांगू नको." तिला धाप लागली. मी पाठीवर हात ठेवला तर तिने तो झटकला. "त्यानं नाय सांगितला. तू चार मानसांत बोललास, तवा पन नाय. मी पदर तोंडावर घेऊन बसले. पाच वर्सं रोज सकाली वाटं, आज सांगीन. आन रोज गिलला. घरी यायचं, घरी यायचं करत गेला माजा मानूस, आन दार मीच लावला."

किल्ल्याच्या बाजूने फोटोवाल्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. कोळीणबाईने बोंबील उलटायचं थांबवलेलं.

"खरं?" धाकट्याने दादाला विचारलं.

दादाने मान हलवली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"आईने सांगू नको म्हटलेलं," दादा म्हणाला. पन्नाशी उलटलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा म्हणाला. मग मान वर करून, "आणि तू म्हणालास, तू मला मेलास. मेलेला माणूस काय बोलणार?"

धाकटा तिथेच, पेंढ्याच्या उरलेल्या गोणीवर बसला. तोंड दोन्ही हातांत धरलं आणि हुंदके देऊन रडला. बाबा गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता, तेव्हा नुसता चिडलेला. दादा उभाच. त्याला पुढे जायचं होतं, दिसत होतं मला, पण पाय उचलत नव्हता. त्याचे गाल ओले आणि तो ते पुसतही नव्हता. मीही रडत होते, कशाला खोटं बोलू. आईवर राग आला, तिची दयाही आली. पाच वर्षं एवढंसं शरीर हे ओझं घेऊन तिसऱ्यावरून पाचव्यावर जात होतं. झडप खराब होणार नाही तर काय.

"आता माजा ऐका," आई म्हणाली. आवाज बारीक पण ठाम. "बुधवारी नीट झाला तं झाला. नाय झाला तं मना घरी आनायचं. त्यांच्यागत काचंत नाय ठेवायचं. मी भिनार नाय, तुमी पन भिऊ नका. आन दोगांनी मिलून ठरवायचं. हिच्याकरून निरोप नाय पाठवायचा."

"आणू," दादा म्हणाला.

धाकट्याने नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा.

"जेवा आता," आई म्हणाली. "निवला सगला."

आता ते जेवायचं कसं? खारट म्हणजे जीभ भाजत होती. शेंगांतले दाणे तेवढे सालीमुळे वाचलेले. बटाटे पोरांनी सोलून आतला भाग खाल्ला. धाकटी वहिनी हळूच म्हणाली, कोंबडी टाकून देऊ या का? त्यावर दोन्ही भावांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने निमूट एक तुकडा उचलला. त्या मिठातला कण टाकायचा नव्हता कुणालाच. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांतून पाणी काढत, हाश्श हुश्श करत ती कोंबडी खाल्ली. कोळीणबाईलाही दिली. तिने एक घास खाल्ला, आमच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "माज्या बोंबलाला बी येवडा मीठ नाय लावत मी." तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले. दादासुद्धा.

पाण्याची मोठी बाटली माझ्या मांडीवर होती. धाकटा माझ्या अगदी शेजारी बसलेला, हात लांबवला असता तर बाटली मिळाली असती. दादा समोर, विझत्या जाळाच्या पलीकडे.

"दादा," धाकटा म्हणाला. पाच वर्षं तो त्याला नुसता 'तो' म्हणत होता. "दादा, पाणी दे."

दादा उठला. जाळाला वळसा घालून आला, माझ्या मांडीवरची बाटली उचलली, झाकण काढलं आणि त्याच्या हातात दिली. धाकटा पाणी प्यायला आणि बाटली दादालाच परत केली. मग तोही प्यायला. दोघांपैकी कुणी माझ्याकडे बघितलंही नाही.

आई शेंग सोलत होती. दाणा तोंडात टाकून म्हणाली, "बुधवारी मना जल्दी उठवा."